एकसष्ट वाटा

जानेवारीत रोहुक्युलाच्या धक्क्यावर
सकाळी नऊलाही रात्रच असते.
टारमोने हीटर पायाशी ओढला
आणि मोजणी चालवली.

मोजणाऱ्याला अर्थ कळत नाही, फाटे कळतात.
प्रत्येक 'जर'ला एक,
प्रत्येक वेटोळ्याला एक,
'आणि', 'किंवा' यांनाही एकेक.
हिऊमा बेटाच्या बोटीचं भाडं ठरवणारं
एकच फंक्शन, एंडेलने एकट्याने
एकोणीस वर्षं वाढवलेलं.
आकडा आला एकसष्ट.

एकसष्ट वाटा, आत शिरून बाहेर पडायच्या.
म्हणजे निदान एकसष्ट वेळा तपासायचं,
आणि आमच्याकडे तपासण्या होत्या चार.
त्यातली एक बंद.

मी वाचायला बसले.
जर बेटावरचा रहिवासी असेल, तर
    जर गाडी असेल, तर
        जर गाडीमागे ट्रेलर, आणि ट्रेलरमध्ये घोडा, तर
            जर समुद्र गोठून बर्फावरचा रस्ता खुला असेल, तर
सातव्या 'जर'पाशी ओळ स्क्रीनच्या पलीकडे गेली
आणि मी कुठून निघाले होते तेच विसरले.
चकवा लागतो ना माणसाला रानात,
तसं. पुन्हा त्याच कंसापाशी.

पहिले चार दिवस एंडेलला शिव्या दिल्या.
मग जुन्या नोंदींतल्या तारखा पाहिल्या:
नाताळची संध्याकाळ, पहाटेचे तीन,
वादळाने बोटी बंद होत्या तो आठवडा.
प्रत्येक 'जर'च्या मागे धक्क्यावर
कुणीतरी कुडकुडत उभं होतं,
आणि खिडकीतला माणूस ओरडत होता,
याचं तिकीट निघत नाहीये!

तीन आठवडे लागले.
ज्याला नकार द्यायचा त्याला दारातच द्यावा,
माजघरापर्यंत आणून, पाणी विचारून मग नव्हे.
नकार सगळे वर उचलले. सेहेचाळीस.
वजन, लांबी, चाकं यांचा एक तक्ता केला.
एकतीस.
'क्ष२' होतं, त्याचं नाव 'घोडा' ठेवलं.
आकडा हलला नाही,
पण टारमो पहिल्यांदा हसला.

(खरं सांगायचं तर बरेच फाटे मेले नाहीत.
धाकट्या फंक्शनांत बिऱ्हाडं हलवली त्यांनी.
यंत्र खूश. मी अर्धी.)

चौदावर येऊन अडले.
एक फाटा कुठल्याच तक्त्यात बसेना:
जर मंगळवार किंवा शुक्रवार असेल
आणि प्रवासी क्रमांक ४४०७,
तर भाडं शून्य.
शेजारी एंडेलचा शेरा: 'लेइडा. विचारू नये.'

मी विचारलंच.
एंडेल आता बेटावर मधमाश्या पाळतो,
फोन उशिरा उचलतो.
"डायलिसिसला जायची," म्हणाला,
"आठवड्यातून दोनदा, या तीरावर.
तिची सवलत नियमात बसत नव्हती.
नियम बदलायला वर्ष गेलं असतं.
ओळ लिहायला दहा मिनिटं लागली."
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
"दोन हजार चौदात गेली ती.
काढून टाक. मला जमलं नाही."

काढली.
तेरा.
तपासण्या हिरव्या झाल्या, सगळ्या त्रेपन्न.
बदलाच्या नोंदीत कारण द्यावं लागतं,
त्या बाबतीत आम्ही कडक आहोत.
'मृत कोड काढला,' असं लिहिलं.
खोडलं.
मग लिहिलं:
'प्रवासी ४४०७ आता बोटीने येत नाहीत.'

दोनच्या बोटीला नव्या हिशेबाची
पहिली पावती निघाली:
एक गाडी, एक ट्रेलर, एक घोडा.
बरोबर होती.
टारमोने ती भिंतीवर चिकटवली
आणि वेळापत्रकाची फाइल उघडली.
एकशे बारा.

मी हीटर माझ्या बाजूला ओढून घेतला.